वेगळ्या आकाराचे व्हिडिओ डीव्हीडी प्लेअरवर नीट दिसण्यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाईल उभा धरून केलेले चित्रीकरण, चौरस व्हिडिओ, अतिरुंद चित्रपट, संगणकाच्या पडद्याचे रेकॉर्डिंग किंवा जुन्या कॅमेऱ्यातल्या विचित्र मापांच्या फाइली साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी तयार करताना ज्या अडचणी नेहमी येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक अडचणींचे मूळ एकच असते. चित्र किती पिक्सेलांत साठवले आहे ही एक बाब झाली आणि ते पडद्यावर कोणत्या आकारात दिसायला हवे ही दुसरी. डीव्हीडीमध्ये या दोन बाबी कधीच जुळत नाहीत, म्हणून त्या स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

डीव्हीडी प्लेअर नेमके कोणते आकार स्वीकारतो?

पहिले डीव्हीडी प्लेअर १९९६ साली जपानमध्ये विक्रीस आले आणि त्या काळच्या टीव्हीला सोयीची मापे तेव्हा ठरली, ती आजही तशीच आहेत. प्रदेशानुसार वेगळ्या असलेल्या टीव्हीच्या दोन पद्धतींपैकी पॅल पद्धतीत पूर्ण चौकट ७२० × ५७६ पिक्सेलांची आणि एनटीएससी पद्धतीत ७२० × ४८० पिक्सेलांची असते. याखेरीज ७०४ पिक्सेल रुंदीची आणि ३५२ पिक्सेल रुंदीची लहान मापेही चालतात, पण ती क्वचितच उपयोगी पडतात. पडद्यावर दिसण्याचे आकार मात्र दोनच आहेत: ४:३ आणि १६:९. तिसरा आकार नाही. उभ्या, चौरस किंवा अतिरुंद चौकटीची नोंद करण्याची सोयच डीव्हीडीच्या मानकात नाही. त्यामुळे असे प्रत्येक चित्र या दोहोंपैकी एका चौकटीत बसवून उरलेली जागा काळी ठेवावी लागते.

चित्र एमपेग-२ पद्धतीने संकुचित केलेले असावे लागते (लहान मापांसाठी एमपेग-१ही चालते) आणि त्याचा वेग पॅलमध्ये सेकंदाला २५ चौकटी, तर एनटीएससीमध्ये २९.९७ चौकटी असतो. आवाज डॉल्बी डिजिटल, एलपीसीएम किंवा एमपी२ या प्रकारांत आणि ४८ किलोहर्ट्झवर असावा. मोबाईलच्या फाइलींमध्ये सर्रास आढळणारा एएसी आवाज डीव्हीडी-व्हिडिओमध्ये चालत नाही, तो बदलावाच लागतो.

७२० × ५७६ हे माप ४:३ही नाही आणि १६:९ही नाही. मग चित्र बरोबर कसे दिसते?

७२० ला ५७६ ने भागले असता १.२५ येतात, तर ४:३ म्हणजे १.३३ आणि १६:९ म्हणजे १.७८. याचा अर्थ पॅल डिस्कवरचे चित्र नेहमीच आडव्या दिशेने दाबलेले असते आणि प्लेअर किंवा टीव्ही ते खुणेप्रमाणे पुन्हा रुंद करतो. पॅलमधले ४:३ चित्र ७६८ × ५७६ इतके, तर १६:९ चित्र १०२४ × ५७६ इतके रुंद होऊन दिसते. साठवलेले पिक्सेल दोन्हीकडे सारखेच, फक्त फाइलीतली खूण वेगळी. एनटीएससीमध्ये ७२० ला ४८० ने भागले की १.५ येतात, म्हणून तेथे ४:३ चित्र थोडे आत ओढले जाते आणि १६:९ चित्र रुंद केले जाते.

संगणकावरच्या जवळजवळ सर्व नव्या फाइलींचे पिक्सेल चौरस असतात. चौरस पिक्सेलांचे चित्र जसेच्या तसे ७२० × ५७६ मध्ये बसवले, तर माणसे बारीक किंवा जाड दिसू लागतात ती यामुळेच. काटेकोरपणे पाहिले तर ४:३ किंवा १६:९ हा आकार ७२० नव्हे, तर त्यातल्या मधल्या सुमारे ७०४ पिक्सेलांना लागू होतो. पण हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि तो डोळ्यांना जाणवत नाही. घरगुती कामात ७२० धरूनच हिशेब करावा, असे माझे मत आहे.

मूळ फाइलचा खरा आकार कसा ओळखावा?

मीडियाइन्फो यांसारख्या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडावी आणि रुंदी, उंची, दिसण्याचे गुणोत्तर (पडद्यावरची रुंदी भागिले उंची), फिरवण्याची खूण, चौकटींचा वेग आणि तो स्थिर आहे की बदलता, या सहा गोष्टी टिपून ठेवाव्यात. निव्वळ रुंदी-उंचीवर विसंबू नये. एचडीव्ही कॅमेऱ्याची फाइल १४४० × १०८० अशी नोंदलेली असते, म्हणजे आकड्यांवरून ती ४:३ वाटते, पण तिचे पिक्सेल रुंद असल्यामुळे ती १६:९ मध्ये दिसायला हवी. उलट, डीव्ही टेपवरून घेतलेली ७२० × ५७६ ची फाइल ४:३ची की १६:९ची, हे केवळ मापावरून सांगताच येत नाही.

मोबाईलची गोष्ट आणखी वेगळी. फोन उभा धरला तरी पुष्कळ फोन चित्र आडवेच साठवतात आणि सोबत ‘हे ९० अंशांतून फिरवून दाखवा’ अशी खूण लिहितात. एमपेग-२मध्ये अशी खूण नसते. म्हणून रूपांतर करताना चित्र प्रत्यक्षात फिरवले गेले पाहिजे. जुने प्रोग्रॅम ती खूण वाचतच नाहीत आणि अख्खा समारंभ टीव्हीवर आडवा पडलेला दिसतो.

शेवटी व्हिडिओ प्रत्यक्ष पाहावा. चित्रातच काळ्या पट्ट्या भाजल्यासारख्या पक्क्या बसलेल्या असतील, तर फाइल १६:९ म्हणत असली तरी खरे चित्र निराळ्या आकाराचे असते.

चित्र चौकटीत बसवण्याचा हिशेब कसा करावा?

मूळ चित्राच्या दिसण्याच्या गुणोत्तराला डीव्हीडी चौकटीच्या गुणोत्तराने भागावे. उत्तर १ पेक्षा कमी आले, तर चित्र चौकटीपेक्षा अरुंद आहे. त्या उत्तराला ७२० ने गुणले की चित्राची नवी रुंदी मिळते आणि उंची पूर्ण ठेवायची असते. उत्तर १ पेक्षा जास्त आले, तर चित्र चौकटीपेक्षा रुंद आहे. मग भागाकार उलटा करून त्याला ५७६ ने किंवा ४८० ने गुणावे, म्हणजे नवी उंची मिळते आणि रुंदी पूर्ण ७२० राहते. येणारा आकडा जवळच्या सम संख्येवर आणावा, कारण डीव्हीडीमध्ये रंगाची माहिती दोन-दोन पिक्सेलांच्या गटात साठवली जाते आणि विषम मापे प्रोग्रॅम नाकारतो किंवा कडेला हिरवी-जांभळी रेघ उमटवतो. उंचीच्या बाबतीत तर ४ ने भाग जाणारी संख्या घेणे अधिक चांगले.

या रीतीचा मोठा फायदा असा की पिक्सेलांचे गुणोत्तर वेगळे मोजावे लागत नाही; ते भागाकारातच सामावलेले असते.

उभा व्हिडिओ ४:३ मध्ये बसवावा की १६:९ मध्ये?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे बरोबर उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटते. टीव्ही रुंद असला तरी उभा व्हिडिओ शक्यतो ४:३ मध्येच बसवावा.

कारण आकड्यांत पाहू. १०८० × १९२० चा उभा व्हिडिओ म्हणजे ९:१६, अर्थात ०.५६२५. त्याला १६:९ ने, म्हणजे १.७७७८ ने भागले आणि ७२० ने गुणले की २२७.८ येतात. म्हणजे चित्राला २२८ पिक्सेलांची रुंदी मिळते आणि दोन्ही बाजूंना २४६-२४६ पिक्सेल काळे राहतात. आता तेच चित्र ४:३ मध्ये बसवू. ०.५६२५ भागिले १.३३३३ गुणिले ७२० केले की ३०३.७५ येतात. चित्राला ३०४ पिक्सेल मिळाले आणि बाजूच्या पट्ट्या २०८-२०८ पिक्सेलांच्या झाल्या. उंची दोन्हीकडे पूर्णच आहे.

रुंद टीव्हीवर ४:३ ची चौकट पूर्ण उंचीने दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना टीव्ही स्वतःच काळी जागा सोडतो. त्यामुळे पडद्यावर उभ्या चित्राचा आकार दोन्ही पद्धतींत तंतोतंत सारखा भरतो, पण ४:३ मध्ये आडव्या दिशेने एक तृतीयांश अधिक तपशील असतो. मूळच्या १०८० पिक्सेलांपैकी उरतात किती, हे पाहिले तर २२८ आणि ३०४ यांतला फरक क्षुल्लक नाही. दूर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येणे किंवा न येणे त्यावर ठरते. शिवाय जुन्या ४:३ टीव्हीवर १६:९ ची डिस्क लावली तर प्लेअर वर-खाली पट्ट्या घालतो आणि उभे चित्र चारही बाजूंनी काळ्यात अडकून आणखी लहान होते. ४:३ मध्ये तसे होत नाही.

एकच अट आहे. रुंद टीव्ही ४:३ चे चित्र आपोआप ताणून पडदा भरण्याच्या सेटिंगवर नसावा. पाहणाऱ्याच्या टीव्हीचे सेटिंग आपल्या हातात नसेल आणि तो ते बदलणार नाही याची खात्री असेल, तरच तपशील गमावून १६:९ निवडावे.

चौरस व्हिडिओचे काय?

तेच तत्त्व, तीच चौकट. ४:३ मध्ये १:१ चे चित्र ५४० पिक्सेल रुंद होते आणि दोन्ही बाजूंना ९०-९० पिक्सेल उरतात.

अतिरुंद चित्रपटासाठी कोणती चौकट योग्य?

येथे नियम उलटतो. १९२० × ८०४ ची फाइल घेतली, तर तिचे गुणोत्तर सुमारे २.३९ भरते. १६:९ च्या पॅल चौकटीत तिला ४२८ ओळी मिळतात आणि वर-खाली ७४-७४ ओळी काळ्या राहतात. तीच फाइल ४:३ मध्ये बसवली तर जेमतेम ३२० ओळी उरतात. म्हणून १६:९ पेक्षा रुंद असलेले प्रत्येक चित्र १६:९ मध्येच बसवावे. थोडक्यात, ४:३ पेक्षा अरुंद चित्र ४:३ मध्ये आणि १६:९ पेक्षा रुंद चित्र १६:९ मध्ये. या दोहोंच्या मधले आकार, उदाहरणार्थ ३:२ किंवा १६:१०, पाहणाऱ्याच्या टीव्हीकडे बघून ठरवावेत. आज बहुतेकांकडे रुंद टीव्ही असल्याने मी १६:९ कडे झुकतो.

दोन पडद्यांचे किंवा खूप लांबट रेकॉर्डिंग डीव्हीडीवर वाचता येईल का?

बहुधा नाही. ३८४० × १०८० चे रेकॉर्डिंग १६:९ मध्ये बसवले, की १०८० ओळींच्या जागी २८८ ओळी राहतात आणि आडव्या दिशेने ३८४० पिक्सेल ७२० वर येतात. खिडक्यांमधली अक्षरे त्यात टिकत नाहीत, मग बिटरेट (दर सेकंदाच्या चित्रासाठी वापरलेली माहिती) कितीही वाढवा. अशा वेळी आकार बदलण्याऐवजी संपादन करावे लागते: ज्या क्षणी ज्या भागात काम चालले आहे तेवढाच भाग कापून घ्यावा, किंवा डावा आणि उजवा पडदा असे दोन स्वतंत्र व्हिडिओ करावेत.

काळ्या पट्ट्या नकोच असतील तर चित्र ताणून चौकट भरावी का?

ताणू नये. पट्टी काही मिनिटांत नजरेआड होते. ताणलेला चेहरा शेवटपर्यंत खटकत राहतो आणि एकदा डिस्कवर गेला की प्लेअरच्या कोणत्याही बटणाने तो पूर्ववत होत नाही.

कडा कापून चौकट भरणे हा पर्याय विचार करण्यासारखा आहे, पण तो चित्रावर अवलंबून असतो. ४:३ चा जुना व्हिडिओ १६:९ मध्ये पूर्ण भरायचा तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. वर मोकळे आकाश आणि खाली मोकळी जमीन असेल तर ते खपून जाते; समूहचित्र असेल तर मागच्या रांगेतल्या लोकांची डोकी जातात. उभ्या व्हिडिओत तर कापाकापीला वावच नाही: ४:३ भरण्यासाठी उंचीचा निम्म्याहून अधिक भाग टाकून द्यावा लागतो.

उभ्या चित्राच्या दोन्ही बाजूंना त्याच चित्राची धूसर आवृत्ती लावण्याची पद्धत सध्या लोकप्रिय आहे. डीव्हीडीसाठी मी ती सुचवत नाही. काळ्या पट्टीला एन्कोडरच्या, म्हणजे चित्र संकुचित करणाऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने जवळजवळ काहीच जागा लागत नाही, पण हलणाऱ्या धूसर पार्श्वभूमीवर बिट खर्च होतात आणि ते मधल्या चित्रातूनच कमी होतात. डिस्कवर दोन तासांचा मजकूर असेल तेव्हा हा तोटा दिसतो.

चारही बाजूंना काळी चौकट का येते?

पट्ट्या दोनदा घातल्या गेल्यामुळे. रुंद चित्रपट कोणीतरी आधी ४:३ च्या फाइलीत वर-खाली पट्ट्या घालून साठवलेला असतो आणि आपण ती फाइल १६:९ मध्ये बसवली की डाव्या-उजव्या पट्ट्यांची भर पडते. उपाय असा की चित्रात भाजलेल्या पट्ट्या आधी कापून टाकाव्यात, उरलेल्या चित्राचे गुणोत्तर नव्याने मोजावे आणि मगच चौकटीत बसवावे. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये काळ्या कडा आपोआप ओळखणारे फिल्टर आहे, पण ते काळोख्या दृश्यावर चालवले तर चुकीचे आकडे देते. भरपूर उजेडाच्या दोन-तीन प्रसंगांवर चालवून सर्वांत मोठे चित्र धरावे.

सर्व क्रिया एका दमात आणि ठरलेल्या क्रमाने कराव्यात: आधी फिरवणे, मग कापणे, मग आकार बदलणे, मग पट्ट्या घालणे आणि शेवटी एकदाच एन्कोड करणे. प्रत्येक टप्प्यावर नवी संकुचित फाइल बनवत गेल्यास चित्र दर टप्प्याला थोडे थोडे विरत जाते.

टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जातात. हे का होते?

जुने काचेचे टीव्ही चित्राचा बाहेरचा भाग मुद्दामच पडद्याच्या कडेआड ठेवत असत आणि कित्येक सपाट टीव्हीही आपल्या मूळ सेटिंगमध्ये थोडे मोठे करून दाखवतात. म्हणूनच महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्क्यांत आणि अक्षरे मधल्या ८० टक्क्यांत ठेवण्याचा प्रघात दूरचित्रवाणीत पडला. उभ्या व्हिडिओत डोके आणि पाय दोन्ही कडेला टेकलेले असतील, तर चित्र पूर्ण ५७६ ओळींऐवजी सुमारे ५४० ओळींत बसवून वर-खाली थोडी काळी जागा सोडणे शहाणपणाचे ठरते. मात्र त्या वेळी रुंदीही त्याच प्रमाणात कमी करावी.

संगणकावर चित्र बरोबर दिसते, पण डीव्हीडी प्लेअरवर लांबट किंवा चपटे दिसते. चूक कुठे आहे?

तपासायच्या जागा तीन आहेत. पहिली, प्लेअरचे सेटिंग. प्रत्येक प्लेअरला जोडलेला टीव्ही कोणत्या आकाराचा आहे, हे सांगावे लागते. ४:३ टीव्ही असताना प्लेअरमध्ये १६:९ निवडले असेल तर सगळी माणसे उंच आणि बारीक दिसतात. दुसरी, टीव्हीच्या रिमोटवरचे चित्राचा आकार बदलणारे बटण. तिसरी जागा डिस्क स्वतः. आकाराची खूण दोन ठिकाणी लिहिलेली असते, एकदा एमपेग-२ प्रवाहात, म्हणजे खुद्द चित्राच्या माहितीत, आणि एकदा आयएफओ फाइलीत, म्हणजे डिस्कच्या रचनेची नोंद असलेल्या छोट्या फाइलीत. संगणकावरचे प्रोग्रॅम बहुधा प्रवाहातली खूण वाचतात आणि घरगुती प्लेअर आयएफओमधली. दोन्ही जुळत नसल्या की नेमकी ही तक्रार येते, आणि त्यासाठी पुन्हा एन्कोड करण्याची गरज नसते. ऑथरिंगच्या (डिस्कची रचना आणि मेनू तयार करणाऱ्या) प्रोग्रॅममध्ये योग्य आकार निवडून डिस्कच्या फाइली नव्याने तयार केल्या की काम होते.

नजरेवर विश्वास ठेवण्यापेक्षा मोजून पाहावे. व्हिडिओत समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू शोधावी, जसे की भिंतीवरचे घड्याळ किंवा गाडीचे चाक. तिथे चित्र थांबवावे आणि टीव्हीच्या पडद्यावर मोजपट्टी धरून तिची रुंदी व उंची मोजावी. दोन्ही सारखी भरली तर गुणोत्तर बरोबर आहे. रुंदी उंचीच्या सव्वापटीहून जास्त, म्हणजे सुमारे १.३३ पट आली, तर ४:३ चे चित्र १६:९ म्हणून दाखवले जात आहे, हे निश्चित समजावे, ०.७५ पट आली तर नेमके उलटे घडले आहे.

सुरुवातीला ठीक असलेला आवाज पुढे पुढे चित्राच्या मागे का पडतो?

मोबाईल आणि पडदा रेकॉर्ड करणारे प्रोग्रॅम चौकटींचा वेग स्थिर ठेवत नाहीत. उजेड कमी झाला किंवा उपकरणावर ताण आला की वेग घसरतो. डीव्हीडीला स्थिर वेगच लागतो. प्रोग्रॅमने सरासरी वेग धरून चौकटी मोजून बसवल्या, की आवाज आणि चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकत जातात. रूपांतर करताना स्थिर वेगाचा पर्याय निवडावा, म्हणजे प्रत्येक चौकट तिच्या मूळ वेळेनुसार बसते आणि गरजेप्रमाणे एखादी चौकट दुहेरी होते किंवा गळते. तपासताना व्हिडिओचा शेवट पाहावा, कारण आरंभी हा दोष कधीच दिसत नाही.

पॅल निवडावे की एनटीएससी?

मूळ वेग पाहून ठरवावे. सेकंदाला २५ किंवा ५० चौकटी असतील तर पॅल. ३० किंवा ६० असतील आणि प्लेअर-टीव्ही दोन्ही स्वीकारत असतील तर एनटीएससी. ३० चे २५ करताना दर सहा चौकटींतली एक गळते आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्राला हिसके बसतात. पॅल प्रदेशांतले बहुतेक प्लेअर एनटीएससी डिस्क लावतात; एनटीएससी प्रदेशांतल्या प्लेअरकडून पॅल डिस्कची तेवढी अपेक्षा धरता येत नाही. डिस्क दुसऱ्या देशात पाठवायची असेल तर हा मुद्दा आकारापेक्षाही महत्त्वाचा ठरतो.

२४ चौकटींचा चित्रपट पॅलसाठी सहसा सरळ २५ च्या वेगाने चालवतात. चित्र गुळगुळीत राहते, पण ९० मिनिटांचा चित्रपट ८६ मिनिटांच्या आसपास संपतो आणि आवाज किंचित वर चढतो. तो खाली आणण्याची सोय बहुतेक ध्वनी-प्रोग्रॅममध्ये असते. ५० किंवा ६० चौकटींच्या खेळांच्या चित्रीकरणासाठी इंटरलेस्ड पद्धत वापरावी, म्हणजे प्रत्येक चौकटीत दोन क्षण साठवले जातात आणि हालचालीचा मऊपणा टिकतो.

मूळ फाइलच इंटरलेस्ड असेल तर?

तिची उंची सरळ बदलू नये. एका चौकटीत एकाआड एक ओळींवर दोन वेगवेगळे क्षण असतात. उंची बदलताना ते एकमेकांत मिसळतात आणि हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. आधी डीइंटरलेस करावे, म्हणजे दोन क्षण वेगळे करून पूर्ण चौकटी बनवाव्यात, मग आकार बदलावा. उंची न बदलता केवळ रुंदी कमी करायची असेल, तर मात्र इंटरलेस्ड ठेवून चालते, पण कोणत्या ओळी आधी येतात याचा क्रम कायम राहायला हवा. डीव्ही टेपमध्ये खालच्या ओळी आधी असतात आणि १०८० ओळींच्या इंटरलेस्ड चित्रात वरच्या. हा क्रम उलटला तर चालणारा माणूस दर पावलाला पुढे-मागे थरथरतो.

रंग फिकट किंवा काळपट का दिसतात?

उच्च स्पष्टतेचे चित्र रंगांसाठी बीटी.७०९ हे प्रमाण वापरते आणि डीव्हीडी बीटी.६०१. आकार लहान करताना हे रूपांतर झाले नाही, तर हिरवे आणि लाल रंग किंचित सरकतात. पडद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये उजेडाची पातळी ० ते २५५ असते, तर डीव्हीडीमध्ये ती १६ ते २३५ असावी लागते. हा बदल राहिला की सावल्या काळ्या ठिक्कर होतात. नव्या फोनचे एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारे) चित्रीकरण तर टोन मॅपिंगशिवाय, म्हणजे तो पल्ला साध्या पडद्याइतका आणल्याशिवाय, डीव्हीडीवर धुतल्यासारखे पांढुरके दिसते. शक्य असेल तर डीव्हीडीसाठीचे चित्रीकरण एचडीआर बंद करूनच करावे.

एका डिस्कवर किती वेळाचा व्हिडिओ ठेवावा?

साध्या एकपदरी डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात. संगणक तेच ४.३८ जीबी असे दाखवतो आणि त्यामुळे डिस्क सदोष असल्याचा गैरसमज होतो. बाइटांना ८ ने गुणून सेकंदांनी भागले की सरासरी बिटरेट मिळतो. दोन तासांसाठी तो सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट येतो. त्यातून आवाजाचे आणि मेनूचे वजा करून चित्रासाठी ४.८ धरावेत. डीव्हीडीच्या मानकानुसार चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर त्या वेगाला अडखळतात, म्हणून ८ च्या वर जाऊ नये. उभ्या व्हिडिओत अर्ध्याहून अधिक चौकट काळी असल्याने तो कमी बिटरेटमध्येही चांगला उतरतो.

यासाठी कोणते प्रोग्रॅम वापरावेत?

आकारावर पूर्ण ताबा हवा असेल तर एफएफएमपेग. त्यात पॅल किंवा एनटीएससी डीव्हीडीसाठी तयार सेटिंग आहे, मात्र कापणे, आकार बदलणे आणि पट्ट्या घालणे हे आकडे आपण स्वतः द्यावेत. मेनू करून डिस्कच्या फाइली तयार करण्यासाठी डीव्हीडीस्टायलर हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. हँडब्रेक उत्तम असला तरी येथे कामाचा नाही, कारण तो डीव्हीडी-व्हिडिओ बनवत नाही; तो एमपी४ किंवा एमकेव्ही बनवतो.

वेगवेगळ्या आकारांचे व्हिडिओ एकाच डिस्कवर ठेवता येतात का?

ठेवता येतात, पण एकाच टायटलसेटमध्ये (डिस्कवरच्या व्हिडिओंच्या एका गटात) नाही. आकाराची खूण संपूर्ण टायटलसेटला मिळून एकच असते. त्यामुळे ४:३ चे व्हिडिओ एका टायटलसेटमध्ये आणि १६:९ चे दुसऱ्यात ठेवून मेनूतून दोन्हींकडे वाट द्यावी. सगळे एकामागोमाग अखंड चालायला हवे असतील, तर मात्र सर्वांसाठी एकच चौकट निवडावी. कारण टायटलसेट बदलताना बरेच प्लेअर क्षणभर थबकतात.

संगणकावर चालणारी डिस्क प्लेअर ओळखतच नाही. काय करावे?

प्रथम डिस्क संगणकात उघडून पाहावी. तिच्यावर व्हिडिओ_टीएस नावाचे फोल्डर आणि त्यात आयएफओ, बीयूपी व व्हीओबी फाइली दिसल्या पाहिजेत. त्याऐवजी एमपी४ फाइल दिसत असेल, तर ती डीव्हीडी-व्हिडिओ नसून फाइलींची साधी डिस्क आहे. ती काही प्लेअर लावतात, सगळे नाही. फोल्डर बरोबर असेल तर डिस्क फायनलाइज केली आहे का, म्हणजे लिहून झाल्यावर ती बंद केली आहे का, ते पाहावे. तेही झाले असेल तर डिस्कला उपलब्ध असलेल्यांपैकी कमी वेगावर पुन्हा बर्न करून पाहावे आणि डीव्हीडी प्लसऐवजी डीव्हीडी मायनस जातीची कोरी डिस्क वापरावी, कारण जुने प्लेअर मायनस डिस्क अधिक सहजपणे वाचतात. चाचणीसाठी पुन्हा लिहिता येणारी डिस्क सोयीची असते, परंतु तिचा पृष्ठभाग प्रकाश कमी परावर्तित करतो आणि काही प्लेअर केवळ त्यामुळे ती नाकारतात. अशा वेळी फाइलीत दोष शोधण्याआधी तीच सामग्री एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवर घेऊन पाहावी.